कोऱ्या जागेतली देवी

मास्तर म्हणाले, "गोमा, आमच्या दिवाळी अंकात तुझा अनुभव पाहिजे." मी विचारलं, आणखी कोण कोण हाय? तर एक डॉक्टर, एक बोटीवरचे कप्तान आन् एक रिटायर हेडमास्तर. म्हटलं, मंग मला कशाला मधे घालता? जेवणावळीत कुणाचं तरी कुत्रं शिरलं असं वाटेल लोकांना. मास्तर हसले नाय. माणूस चांगला, पण विनोद कळायला त्यांना दुसरा दिवस उजाडतो. शेवटी ठरलं, मी बोलायचं आन् त्यांनी लिहायचं. तेव्हा ह्यात चुका असतील त्या मास्तरांच्या, थापा असतील त्या माझ्या.

धंदा माझा वाटाड्याचा. लोकांच्या पुढं चालायचं. ह्याला शाळा लागत नाय, पाय लागतात. तरी पण अक्कल लागतेच, ती मी सोमीकडनं, म्हंजे बायकोकडनं, उसनी आणायचो.

शहरातला माणूस रानात आला की तीनच गोष्टी विचारतो. साप हाय का? किती लांब हाय? वर चहा मिळेल का? सापाला म्हणायचं, तुमचा आवाज ऐकून गेला. लांबीला म्हणायचं, हा काय, एवढी खांद, म्हंजे डोंगराची सोंड, उतरली की आलंच. अशा चार खांदी उतराव्या लागल्या तरी चारही वेळा हेच म्हणायचं. चहाचं खरं सांगायचं, कारण चहाच्या बाबतीत फसलेला माणूस मारायला उठतो. पुढं चालणाऱ्यानं सारखं वळून बघायचं नसतं, मागच्याला वाटतं आपण दमलो हे ह्यानं ओळखलं. कानानं ओळखायचं. पाऊल घासत यायला लागलं की आपणच थांबायचं, पायातला नसलेला काटा काढायचा. माझ्या पायात त्या दिवसांत रोज पंधरावीस नसलेले काटे रुतायचे.

आमची वाडी कातकऱ्यांची. दापोलीहनं बुरोंडीकडं जाणारी यष्टी फाट्यावर थांबते, तिथनं वर चढ. खाली गाव, वर कातळाचा सडा, मधे डोंगराच्या पोटात आमची दहाबारा खोपटं. जमीन कुणाची विचाराल तर कागदावर अर्धी जंगलखात्याची, अर्धी खोतांची. आमची ती पायाखालची, पाय उचलला की तीपण गेली.

दिवाळी झाली की वाडी कोळशाच्या भट्टीवर घाटावर जायची, पावसाच्या तोंडावर परत यायची. मंग लावणीची कामं. लावणी झाली, तण काढायची बेणणी झाली, आन् भादव्यात भात पोटरीला आलं की कुणाला मजूर नको. ते दिवस वाईट. त्या दिवसांत वाडीची चूल पेटायची ती म्हातारीच्या घळीवर. ही घळ वाडीच्या मागं, झाडीनं भरलेली, खाली झरा. तिच्यात करांदे आन् कडूकंद असे काय माजायचे की बगत राहावं. कडूकंद तसाच खाल्ला तर माणूस घसा धरून नाचतो. राख टाकून उकडायचा, मंग झऱ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवायचा, तेव्हा तो माणसात येतो.

घळीचे कायदे दोन. पहिला, जानी आत्यानं दिवस ठरवल्याशिवाय कुणी पहार लावायची नाय. जानी आत्या माझ्या बापाची बहीण, पण साऱ्या वाडीची आत्या तीच. दुसरा, कंद काढला की वेलाकडचा त्याचा डोळा कापून परत त्याच खड्ड्यात पुरायचा. आमचं पोर बोलायला लागायच्या आधी हे शिकतं. आम्ही चोर म्हणून गावात नाव हाय, पण ज्या खड्ड्यातनं खाल्लं त्याला परत देतो. गावच्या विहिरीवर हे कुणाला सांगता येत नाय, कारण विहिरीवर आम्हाला उभं करत नाय.

तर अशा वाडीत पावसाच्या तोंडावर, वाडी नुकतीच भट्टीवरनं परत आलेली, तेव्हा एक बाई आल्या. पुण्याच्या कुठल्याशा संस्थेच्या. छत्री, वही, खांद्याला पिशवी. वर चढताना दिसल्या तसे आमचे सगळे बापे रानात पळाले. कारण वही घेऊन वर येणारा माणूस म्हंजे नसबंदीवाला, एवढं आम्हाला ठाऊक होतं. मी तेवढा राहिलो. शूर म्हणून नाय हो, झोपलो होतो. उठवलं तेव्हा पुढ्यात बाई, आन् बापे शोधले तर एक नाय.

"तुमचं नाव काय?" बाई म्हणाल्या.

"माझं झालंय ऑपरेशन," मी म्हटलं.

झालं नव्हतं. सोमी आतनं फिस्सकन हसली. बाईंनी समजावलं, मी त्यातली नाही, लोकांना रान दाखवायची योजना आहे, तुमच्या वाडीनं ती चालवायची. काय दाखवायचं, कुठवर न्यायचं, किती माणसं आणायची, सगळं तुम्ही ठरवायचं. "जमीन तुमची आहे," असं म्हणाल्या. तेव्हा मात्र कुडाआड बसलेल्या बाया मोठ्यानं हसल्या. जमीन तुमची हाय असं आम्हाला आजवर म्हणत आलेत ते सगळे असे, की ज्यांची ती नाय.

बापे परत येईपर्यंत कमिटी झाली होती. हजर असलेला बाप्या मी एकटा, म्हणून अध्यक्ष मी.

बाईंनी महिनाभर फेऱ्या मारल्या. आम्हाला कुणी विचारायचं म्हंजे चोरी कुणी केली नायतर लाकूड कुणी तोडलं, एवढंच. त्यामुळं "तुम्हाला काय वाटतं?" असं बाईंनी विचारलं की पाचदहा माणसं एकदम म्हणायची, "आम्ही नाय केलं." पण बाई चिवट. एक दिवस त्यांनी अंगणात नकाशा मांडायला लावला. राखेची ओळ म्हंजे झरा, दगड म्हंजे खोपटं, सडा म्हंजे सोमीचं सूप पालथं. मंग मात्र वाडीला तोंड फुटलं. धबधबा दाखवू. सड्यावरची फुलं दाखवू. खेकडा कसा धरतात ते दाखवू. मी म्हटलं, मी झाडावर चढून दाखवतो. सोमी म्हणाली, चढ, उतरूच नको.

आत्या कडेला बसून होती. मंग उठली, नकाशावर आली, आन् जिथं घळ यायची तिथं फतकल मारून बसली.

"आत्या, उठा, नकाशा पुसेल," बाई म्हणाल्या.

"पुसू दे. इथं मी बसले. इथं कुणी येयाचं नाय."

"काय आहे तिथं?"

"आमचं पोट."

बाईंनी वही मिटली. म्हणाल्या, ठीक आहे, ही जागा कोरी ठेवू. ह्या एका गोष्टीसाठी मी त्या बाईंना आजही मानतो. नायतर लोक विचारतात ते त्यांचं म्हणणं आमच्या तोंडनं ऐकायला.

नकाशाचा फळा दापोलीच्या पेंटरकडनं रंगवून आणला, फाट्यावर उभा केला. हिरवं रान, निळा झरा, सगळं झकास. बाईंनी पेंटरला सांगितलं होतं, इथं कोरं ठेव. आता दुकानाच्या पाट्या रंगवणारा माणूस, त्याला कोरी जागा बघवेना. त्यानं तिथं पांढराशुभ्र रंग दिला आन् भोवतीनं लाल किनार काढली. सगळ्या फळ्यात पहिली नजर जायची ती तिथं.

दिवाळीनंतर माणसं यायला लागली. त्या वर्षी आमची पाच घरं भट्टीवर गेली नाय. पोरं वाडीतच राहिली. हे काय लहान नव्हतं. मला आतनं फुगल्यासारखं व्हायचं. अध्यक्ष होतो ना.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. एक मुंबईचे साहेब आले, बायकोला घेऊन. फाट्यावर मी उभा, टेरिलीनचा शर्ट, केसाला तेल. साहेब माझ्या मागं बगतात. "आदिवासी कुठं आहेत?"

"मीच साहेब."

"नाही नाही, खरे?"

सोमीनं तो शर्ट धुऊन, तांब्यात विस्तव घालून इस्त्री केली होती. साहेबांचं तोंड बगून मला वाटलं, माझ्यात काय तरी खोट हाय. मी शर्ट काढला. वर चुलत्याची तीरकामठी आणली. माझ्या हयातीत मी ती धरली नव्हती, आम्ही पाखरं मारायची ती गलोलीनं. साहेब म्हणाले, नेम धरा. मी धरला. तीर सुटला तो सरळ वर गेला आन् आंब्यात अडकला. फोटो निघाला त्यात मी उघडा, थंडीनं काटा आलेला, वर तोंड करून तीर शोधतोय. साहेबांनी तो पोस्टानं पाठवला. सोमीनं बघितला. "ह्यो कोण उपाशी मेलेला?" म्हणाली. मी म्हटलं, आदिवासी. म्हणाली, शर्ट घातलेला बरा दिसतो.

एक बाई होत्या, त्यांना रानाची शांतता ऐकायची होती. फाट्यापासनं सड्यापर्यंत शांतता किती महत्त्वाची ते सांगत आल्या. धबधब्यापाशी पाणी पडण्याचा आवाज झाला तेवढाच, तो पण, जमलं असतं तर, त्यांनी मधे थांबवला असता.

पण कोण का असेना, फळ्यापाशी आला की बोट त्या लाल किनारीत ठेवायचा.

"इथं काय आहे?"

"काय नाय."

"मग दाखवलंय कशाला?"

"दाखवलं नाय, म्हणून तर कोरं हाय."

शहरातल्या माणसाला काय नाय म्हटलं की त्याला वाटतं, चांगलं ते लपवून ठेवलंय. मला खरं सांगायला काय झालं होतं? आमच्या खायच्या कंदांची जागा हाय, एवढं चार शब्दात झालं असतं. पण लाज वाटायची. टेरिलीनचा शर्ट घातलेल्या अध्यक्षानं सांगायचं की आम्ही भादव्यात मुळं उकरून खातो? तोंडातनं येईना. इथंच सगळं फसलं. बाकी नुसती गंमत.

मी म्हटलं, तिथं बिबट्या हाय. वाटलं, घाबरतील. तर पुढच्या रविवारी आलेल्यांनी विचारलं, "किती वाजता येतो?" जसा काय यष्टीनं येतो.

मंग बिबट्या काढला, खवीस घातला. तर दापोलीच्या कॉलेजातली पाच पोरं पैज लावून आली, आम्हाला खवीस बघायचाय. त्यांना मी सड्यावरनं फिरवून फिरवून दुसऱ्याच एका खबदाडात उतरवलं. तिथं काटेरी करवंदी. कपडे फाटून वर आली तेव्हा म्हणाली, जागा पॉवरफुल आहे.

मंग आले एक म्हातारे गृहस्थ. सज्जन, धोतर, हातात काठी. त्यांचं बोट लाल किनारीत गेलं, आन् माझ्या तोंडातनं ती थाप गेली.

"तिथं आमची देवी हाय. फार कडक. कुणी पाऊल टाकलेलं तिला खपत नाय."

म्हाताऱ्यानं तिथल्या तिथं वहाणा काढल्या. फळ्याला हात जोडले, डोळे मिटले, काय तरी पुटपुटले आन् घळीचं नाव न काढता माघारी वळले. मला वाटलं, जिंकलो! दोन महिने बिबटे न् खवीस पाळले, आन् औषध हे होतं. घरी येऊन सोमीला सांगितलं. ती भाकरी थापत होती, तिचा हात थांबला.

"देवी म्हणालास?"

"व्हय."

"कडक म्हणालास?"

"व्हय. घाबरला."

"गोमा," ती म्हणाली, "कडक देवाला माणूस घाबरतो काय? कडक देवाकडंच तर लोक जातात."

महिन्याभरानं म्हातारा परत आला. खण, नारळ, साडी. मुलाला नोकरी लागली होती. त्यानं फळ्यासमोरनंच मागितलं होतं, आन् देवीनं तिथनंच ऐकलं. यष्टीच्या कंडक्टरला त्यानं पेढा दिला, तो पेढा बुरोंडीपर्यंत गेला. पुढच्या मंगळवारी फाट्यावर माणसांची रांग. माझ्याकडं कुणी वाटाड्या म्हणून बघेना, पुजारी म्हणून बघायला लागले. पुजाऱ्याला टेरिलीन चालत नाय, तेव्हा परत एकदा शर्ट काढायची वेळ आली.

आता तात्या. हे खालच्या गावचे. मुंबईत मिलमध्ये होते, मिल बंद पडली आन् गावी येऊन बसले. चाळीत असताना मंडळाचा गणपती चालवलेला, वर्गणी, मांडव, मिरवणूक सगळं हातचं. अशा माणसाला बिनकामाचं ओट्यावर बसवलं की तो देवळाशिवाय दुसरं काय बांधणार? तात्या दहा माणसं, दहा कोयते घेऊन घळीत उतरले. मी आडवा गेलो.

"तात्यांनू, नको. कडक हाय."

"तिच्या सेवेलाच आलोय, गोम्या. आम्हाला काय करील?"

दोन दिवसात त्यांनी घळीचा मधला भाग साफ केला. साफ म्हंजे साफ. वेल ओढले, मुळं उपटली, सपाटी करायला खणलं, कंद वर आले ते बांधावर फेकले. उन्हात पडून सुकले. मधोमध एक गुळगुळीत दगड मिळाला, त्याला शेंदूर लावला. आम्ही त्या दगडावर कंद घासायचो. पिढ्यानपिढ्या घासून तो असा देखणा झालेला की देवी वाटावी. त्यात तात्यांची चूक नाय. सभामंडपाची आखणी झाली, चुन्यानं ओळी मारल्या. तात्या म्हणाले, "पाच वर्षांत बघ, गणपतीपुळ्यासारखी गर्दी होईल." आन् झऱ्याकडं बोट केलं, "इथं हातपाय धुवायला टाकी."

आत्यानं दुपारी वाडी बोलावली. मी मधे बसलो. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"देवी कुणी आणली?"

"मी."

"खायला काय आणलंस?"

मी पायातला नसलेला काटा काढायला लागलो.

"भादवा आला की पोरांना शेंदूर चाटवशील?"

कुणी हसलं नाय. मी ज्या वाडीत लहानपणापासनं लोकांना हसवत आलो, तिथं पहिल्यांदा माझ्या बोलण्यावर, न बोलण्यावर, कशावरच कुणी हसलं नाय.

दुसऱ्या दिवशी तात्यांच्या ओट्याखाली जाऊन उभा राहिलो. ठरवलं होतं, खरं सांगून टाकायचं.

"तात्यांनू, तिथं देवी नाय. मी खोटं बोललो."

तात्या सुपारी कातरत होते. "तू खोटं बोलशील रे. पण तुझ्या तोंडून बोललं कोण?"

"मीच."

"तुला एवढी अक्कल आहे?"

"नाय."

"मग?"

मी म्हटलं, तिथं आमचे कंद हायत, आम्ही ते खातो. तात्यांच्या बायकोनं आतनं टोपलीभर तांदळाची कणी आणून माझ्यापुढं ओतली. मनानं चांगली बाई. "भूक लागली होय रे? मग सांगायचंस." आन् मी ती धोतराच्या सोग्यात घेतली. नको म्हणायला पाहिजे होतं.

बाईंना निरोप पाठवला. त्या आल्या, घळ बघितली, दगडावर हात ठेवून बसल्या. नंतर गावात सभा घेतली. कंद, झरा, वाडीचं पोट, सगळं फार चांगलं बोलल्या. गावानं मन लावून ऐकलं, आन् झाल्यावर मंडपाचा नारळ त्यांच्याच हस्ते फोडायची विनंती केली. वर येताना बाई म्हणाल्या, "गोमा, मी म्हटलं होतं ना, तुम्ही सगळ्यांनी ठरवायचं."

"सगळ्यांनी ठरवलं होतं बाई. मंग मी एकट्यानं थोडं जास्ती ठरवलं."

त्या हसल्या, पण डोळ्यात पाणी होतं. योजना त्यांची होती ना, माझी थाप त्यांच्या कागदावर चढणार होती.

शेवटी वाट काढली ती आत्यानं. मला जवळ बसवलं.

"बसलेल्या देवाला कोण उठवतं रं?"

"कोण नाय उठवत. कुणाची छाती हाय?"

"मंग देव उठतो कसा?"

"त्याचा तो उठला तर."

"आन् सांगतो कुणाला?"

"सपनात येऊन सांगतो." बोललो आन् मला कळलं. "आत्या, माझ्या सपनात आजवर सोमीसुदीक आली नाय."

"येईल. उद्या सकाळी उठशील तेव्हा येऊन गेलेली असेल."

सकाळी मी तात्यांच्या दारात. ह्या खेपेला शर्ट काढून, अंघोळ करून. मला दृष्टांत झाला म्हटल्यावर तात्यांनी पाट दिला. त्या ओट्यावर पाट! देवी काय म्हणाली ते सांगितलं. मला घळीत ओल लागते. माझ्या लेकरांना चढ चढून धाप लागते, म्हाताऱ्यांचे गुडघे जातात. मला खाली घेऊन चला.

गुडघे म्हटल्यावर तात्यांनी आपल्या गुडघ्यावर हात ठेवला. महिनाभर रोज चढून तो सुजला होता.

"खाली म्हणजे कुठं म्हणाली?"

ह्याचा विचार मी केला नव्हता. "फाट्यावर. यष्टी थांबते तिथं."

"साडी कसली होती?"

"हिरवी," म्हटलं. अंदाजानं.

तात्यांनी आजूबाजूला कुणी नाय ना ते बघितलं. मंग आवाज उतरवून म्हणाले, "माझ्या सपनात पण हिरवीच होती."

आता बोला! मी थाप मारायला गेलो न् मला साक्षीदार मिळाला.

वैशाखात देवी उतरली. ढोल, ताशा, लेझीम. दगड वजनदार, डोंगर उभा. तेव्हा पालखी उचलायला कोण, हा प्रश्न आलाच नाय, आम्हीच. वाडीतले चार जण आलटून पालटून. माझ्या खांद्याचं सालटं निघालं. फाट्यावर दगड चौथऱ्यावर टेकला, आन् तात्या म्हणाले, "हां, आता सरा मागं. हात लावू नका." वर घळीत ती आमची कडक देवी होती. खाली उतरल्यावर आम्ही तिला चार पावलं लांबनं बघायचं होतं. चार जण मागं सरलो. आत्या वरच थांबली होती, तिला हे सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "गेली ना? मंग झालं."

पण देवी गेली तरी वेल परत येत नाय. भादवा लागला. वाडी पहारी घेऊन घळीच्या तोंडाशी उभी. आत्या एकटी आत गेली, बराच वेळ फिरली, रिकाम्या हातानं आली.

"यंदा घळीत पहार लावायची नाय. कडेला राहिलेत तेवढे काढले तर पुढं कायच राहणार नाय. पुढल्या वर्षीपण नाय."

वाडी टाकळ्या-भारंगीचा पाला, खेकडे, मिळेल ते खात राहिली. बापे बुरोंडीला होड्यांवर काम मागायला गेले, काहींना मिळालं. माझी धाकटी पोर रडून रडून झोपायची. तात्यांच्या बायकोची राखून ठेवलेली कणी तेव्हा पोटात गेली, लाज वाटायची जागा पण राहिली नव्हती. सोमी त्या सगळ्या भादव्यात माझ्याशी एवढंच बोलली, रोज, रिकामं मडकं पालथं घालताना: "देवी पावली?"

मला काम दिलं आत्यानं. लांबलांबच्या घळींत जायचं, कंद सापडला की खायचा नाय, डोळा कापायचा, आणायचा, न् तात्यांनी चुन्यानं आखलेल्या सभामंडपात पुरायचा. बाकीचा कंद पोरांना वाटायचा, मी त्यातला घास घ्यायचा नाय. आत्या काठी टेकून उभी. "हितं. इतका खोल नको. नेम धर नीट," असं म्हणायची, फोटोची गोष्ट तिलाही ठाऊक होती.

बाईंची संस्था पुढं दुसऱ्या जिल्ह्यात गेली. फळा गंजला. माणसं मात्र येत राहिली, वाटाड्याचा धंदा माझा मी चालवला. घळीचं कुणी विचारलं की आता सरळ सांगायचो, "आम्ही तिथनं मुळं उकरून खातो." बस. कुणी पुढं विचारायचं नाय. लोक चटकन दुसरीकडं बघायचे, न् धबधबा किती लांब हाय ते विचारायचे. चार शब्दांचं काम होतं. त्याच्यासाठी मी बिबट्या, खवीस न् देवी आणली.

तिसऱ्या भादव्याला आत्याच्यानं चालवेना. मी तिला पाठीवर घेऊन घळीत उतरलो. वजन काय नव्हतंच, पालखीच्या दगडाच्या मानानं. मंडपाच्या जागेत वेल एकमेकांवर चढले होते. तिनं बोट दाखवलं, मी पहार लावली. चांगला हातभर करांदा निघाला. तो तिच्या ओटीत टाकला, मला वाटलं, आता तरी शाबास म्हणेल.

"डोळा पुर आधी," म्हणाली.

पुढच्या शिमग्याला ती गेली.

फाट्यावर आता मोठं देऊळ हाय. फरशी, घंटा, हातपाय धुवायला टाकी. मंगळवारी गाड्या लागतात. मी वडाखाली बसलेला असतो, पाय आता चढत नाय. नवी माणसं विचारतात, "बाबा, तुम्ही इथलेच ना? ही देवी खरंच पावते का हो?"

मी हात जोडतो. थापेनं नाय जोडत. म्हणतो, आमच्या डोंगरावर आजवर खूप जण आले. जंगलखातं आलं, खोत आले, साहेब आले. बसलेल्या जागेवरनं आमच्या सांगण्यानं उठून गेली, ती ही एकटीच.